ड्राइव्ह कॉम्प्रेस करावी का? सा.न.वि.वि.पासून झिपपर्यंत

"ताई, डी ड्राइव्ह लाल झालीय. सगळी कॉम्प्रेस करून टाकू का?"

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने हे विचारलं आणि मी "थांब, हात लावू नकोस!" असं इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. तिने काही चुकीचं विचारलं नव्हतं. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की खाली एक चौकोन असतो. टिक करायची, ओके म्हणायचं, जागा मोकळी. कंपनीनेच दिलेली सोय आहे, ती वापरली तर बिघडलं कुठे?

माझ्या ओरडण्यामागे २०१९ चा पूर होता. ती गोष्ट आधी सांगते, मग इतिहासाकडे जाऊ. रिसर्चला लागण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा, कारण पुढची चार-पाच वर्षं तुमची सगळी मिळकत म्हणजे फाइलीच असणार आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. विश्रामबागला आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण गावभागातले नातेवाईक आणि त्यांचे शेजारी असे मिळून आमच्या घरी बारा-तेरा माणसं आठवडाभर होती. मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. आमचा एक सीनिअर, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, नदीकडच्या बाजूला तळमजल्यावर खोली घेऊन राहायचा. रात्री निघताना त्याने सर्टिफिकेटांची फाइल आणि लॅपटॉप घेतला. डेस्कटॉप टेबलावर राहिला. पाणी टेबलाच्या वर गेलं.

हार्ड डिस्क सुकवून, डेटा परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात पाठवली. दोन महिन्यांनी बराचसा डेटा परत आला, पण मध्ये मध्ये भोकं पडलेला. आता गंमत बघा (तेव्हा ती गंमत नव्हती). दादाचा डेटा दोन प्रकारे ठेवलेला होता. शेवटच्या काही महिन्यांच्या एक्सआरडीच्या फाइली तशाच, साध्या टेक्स्टमध्ये पडून होत्या. त्याआधीच्या दोन वर्षांचा सगळा कच्चा डेटा मात्र त्याने जागा वाचवायला एकाच मोठ्या कॉम्प्रेस्ड आर्काइव्हमध्ये बांधला होता आणि मूळ फाइली डिलीट केल्या होत्या.

साध्या फाइलींचं काय झालं? एक्सआरडीची फाइल म्हणजे दोन रकाने, कोन आणि काउंट. १० ते ८० अंश, ०.०२ ची पायरी धरली तर ३५०१ ओळी, साधारण ५० केबी. डिस्कचा एक ४०९६ बाइटचा सेक्टर गेला म्हणजे जवळपास २९० ओळी गेल्या, म्हणजे ग्राफमधला सहा अंशांच्या आसपासचा तुकडा. तिथे महत्त्वाचा पीक नसेल तर उरलेला ग्राफ धडधडीत वाचता येतो. आर्काइव्हमध्येही तसाच एखादा सेक्टर गेला होता. पण तिथे भोकाच्या आधीच्या फाइली निघाल्या आणि भोकानंतरचं सगळं "सीआरसी एरर" देऊन बंद. भोक तेवढंच, पण एकीकडे सहा अंश गेले आणि दुसरीकडे सव्वा वर्ष.

असं का होतं, हे कळायला कॉम्प्रेशन नेमकं काय करतं ते बघावं लागेल. आणि ती गोष्ट कॉम्प्युटरच्या बरीच आधी सुरू होते.

मिरजेच्या दप्तरातलं कॉम्प्रेशन

विश्रामबागहून मिरज म्हणजे सिटी बसचा प्रवास. त्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाचे एक शाळामास्तर होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली मोडी पत्रं वाचून, बाळबोधीत उतरवून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणारा कुणीही आजही त्या खंडांना टाळून पुढे जाऊ शकत नाही.

पेशवाईतली ही पत्रं उघडली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती संक्षिप्त रूपं. तारखेच्या आधी नुसता 'छ', तो चंद्राचा. 'रा.' म्हणजे राजश्री. आणि आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत टिकलेलं सा.न.वि.वि., म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. चार अक्षरांत चार शब्द. कारकुनाला दिवसात शेकडो वेळा तेच लिहायचं असल्यावर तो पूर्ण कशाला लिहील? वारंवार येणाऱ्या गोष्टीला छोटी खूण द्यायची. कॉम्प्रेशनचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे.

शाई-कागद वाचला, पण ती माहिती गेली कुठे? ती कागदावरून वाचणाऱ्याच्या डोक्यात गेली. सा.न.वि.वि. वाचू शकणारा माणूस जोवर आहे तोवर ती चार अक्षरं पूर्ण वाक्य आहेत. तो माणूस गेला की ती नुसती चार अक्षरं. आज एखाद्या बारावीच्या मुलाला विचारून बघा. कॉम्प्रेस केलेल्या फाइलचं हेच असतं. तिचा एक भाग फाइलच्या बाहेर, ती उलगडणाऱ्या प्रोग्रामात राहतो.

मोडीत आणखी एक प्रकार आहे. तिथे ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. 'दिन' आणि 'दीन' एकच दिसतात, संदर्भावरून ओळखायचं. लिहिण्याचा वेग वाढतो, पण मूळ उच्चारातला भेद कागदावरून कायमचा पुसला जातो आणि मागाहून कुणालाही तो फक्त अंदाजानेच परत आणता येतो. आजच्या भाषेत हे लॉसी कॉम्प्रेशन. सा.न.वि.वि. हे लॉसलेस, कारण त्यातून मूळ जसंच्या तसं परत मिळतं. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४८ ते १९७८

या सगळ्याला गणिती पाया दिला क्लॉड शॅनन यांनी, १९४८ मध्ये. बेल लॅब्जच्या जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या एका दीर्घ पेपरने 'माहिती' ही मोजता येणारी गोष्ट केली. अमुक मजकूर जास्तीत जास्त किती दाबता येईल याला एक मर्यादा असते, आणि ती मजकुरातल्या अनिश्चिततेवरून ठरते, हे त्यांनी सिद्ध केलं. पुढचं अक्षर ओळखता येत असेल तर ते लिहिण्यात माहिती कमी. ओळखता येत नसेल तर जास्त.

तीन वर्षांनी एमआयटीत रॉबर्ट फॅनो या विषयावर कोर्स घेत होते. विद्यार्थ्यांना त्यांनी पर्याय दिला, परीक्षा द्या नाहीतर टर्म पेपर लिहा. टर्म पेपरचा प्रश्न: प्रत्येक चिन्हाला कोड देऊन मजकूर लहानात लहान करण्याची सर्वांत चांगली पद्धत शोधा. फॅनो स्वतः आणि शॅनन यांनाही ती सापडली नव्हती, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगितलं नव्हतं. डेव्हिड हफमन नावाचा विद्यार्थी कित्येक महिने डोकं आपटून शेवटी नोट्स टाकून देऊन परीक्षेच्या अभ्यासाला लागणार होता, तेवढ्यात त्याला उत्तर सुचलं. १९५२ मध्ये तो पेपर छापून आला. हफमन कोड आजही झिपमध्ये आणि जेपीईजीमध्ये आहे. (गाइडने "हे फार अवघड आहे, नको घेऊस" म्हटलं की मला ही गोष्ट आठवते. सरांना मी ती अजून सांगितलेली नाही.)

हफमनची कल्पना मराठीत सांगायची तर अशी: आपल्या मजकुरात काना सतत येतो, 'ङ' क्वचित. मग दोघांना सारखीच जागा का? कान्याला छोटा कोड द्या, 'ङ'ला लांब चालेल. आपली एक्सआरडीची फाइल तर याचं आदर्श उदाहरण आहे. त्यात दहा अंक, टिंब, मोकळी जागा आणि ओळीचा शेवट, एवढीच चिन्हं. तेरा चिन्हं वेगळी ओळखायला प्रत्येकी चार बिटसुद्धा लागत नाहीत, पण टेक्स्ट फाइल प्रत्येकाला आठ देते. म्हणजे काही हुशारी न करताही निम्म्याहून जास्त जागा सुटते.

दुसरी मोठी उडी १९७७ आणि १९७८ ची, इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांची. त्यांनी अक्षरांची वारंवारता मोजण्याऐवजी पुन्हा येणारे तुकडे पकडले. आधी आलेला तुकडा परत आला तर तो लिहायचा नाही, "मागे चाळीस अक्षरं जा आणि तिथून बारा उचल" एवढंच लिहायचं. शब्दकोश वेगळा पाठवायची गरज नाही, फाइलचा आधीचा भागच पुढच्या भागाचा कोश होतो.

इथेच थांबून दादाच्या आर्काइव्हकडे बघा. पुढचा भाग मागच्या भागाकडे बोट दाखवतोय. मागचा भागच गेला तर बोट हवेत. शिवाय प्रत्येक कोडची लांबी वेगळी असल्यामुळे मधले बिट गेले की पुढचा कोड कुठून सुरू होतो तेच समजत नाही. एक सेक्टर गेल्यावर सव्वा वर्ष जातं ते यामुळे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जे 'फालतू' जास्तीचं होतं, त्याच्याच आधारावर आपण तिचे उरलेले तुकडे वाचू शकलो.

फ्लॉपी, झिप आणि कोर्ट

ऐंशीच्या दशकात हे गणित लोकांच्या टेबलावर आलं. त्या काळी मोडेमवरून फाइल पाठवायला टेलिफोनचं बिल चढायचं आणि फ्लॉपीवर मावायचं १.२ किंवा १.४४ मेगाबाइट. फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने १९८९ मध्ये पीकेझिप आणलं. आधीच्या एका आर्काइव्ह प्रोग्रामच्या कंपनीशी त्याचा कोर्टात वाद झाला होता, त्यातून त्याने नवा फॉरमॅट बनवला आणि त्याची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. खुली केली म्हणूनच झिप टिकलं. कॅट्झ २००० साली, वयाच्या ३७ व्या वर्षी गेला, पण १९९० ची झिप फाइल आजच्या कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडते. त्याच काळातले इतर कित्येक फॉरमॅट उघडायचे म्हणजे म्युझियमात जायची पाळी. वाचणारा माणूस शिल्लक राहिला पाहिजे, ते हेच.

नव्वदच्या दशकात कॉलेजात असलेल्या कुणालाही विचारा, सात फ्लॉप्यांवर तुकडे करून नेलेली फाइल आणि घरी आल्यावर तिसरी फ्लॉपी खराब निघणं. उरलेल्या सहा फ्लॉप्या कोऱ्या समजायच्या.

आता ड्राइव्हकडे येऊ. १९९० च्या सुमारास पीसीची हार्ड डिस्क २०-४० मेगाबाइटची आणि भाव मेगाबाइटमागे काही डॉलर. अशा वेळी स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९९० मध्ये 'स्टॅकर' आणलं. आधीचे प्रोग्राम एकेक फाइल बांधून ठेवायचे, हवी तेव्हा सोडायची. स्टॅकर पूर्ण ड्राइव्हच दाबून ठेवायचं आणि वापरणाऱ्याला कळायचंही नाही. फाइल वाचताना आपोआप उलगडायची, सेव्ह करताना आपोआप दाबली जायची. ४० ची डिस्क ८० ची झाल्यासारखी वाटायची. लोकांनी उचलून धरलं.

हे बघून मायक्रोसॉफ्टने मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ बरोबर 'डबलस्पेस' फुकट दिलं. दोन गोष्टी झाल्या. पहिली, डेटा गेल्याच्या तक्रारींचं पेव फुटलं. दुसरी, स्टॅकने पेटंटच्या उल्लंघनाचा दावा केला आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला १२ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. (स्टॅकवरही व्यापारी गुपित वापरल्याबद्दल १ कोटी ३६ लाखांचा ठपका आला, पुढे दोघांनी समझोता केला.) मायक्रोसॉफ्टला डबलस्पेस काढून टाकून एक आवृत्ती विकावी लागली आणि मग वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं 'ड्राइव्हस्पेस' आणावं लागलं.

कोर्टाची बाजू चटकदार आहे, पण आपल्याला शिकायला पहिली बाजू जास्त कामाची. डबलस्पेस अख्खी ड्राइव्ह एका लपवलेल्या महाकाय फाइलमध्ये ठेवायचं. त्या फाइलचा आराखडा बिघडला की सगळं बिघडलं. सगळा दोष कॉम्प्रेशनचा नव्हताही. डिस्कवर लिहायचा मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवणारा स्मार्टड्राइव्ह नावाचा प्रोग्राम चालू असायचा, आणि लोक सवयीने लगेच बटण बंद करायचे. आपल्याकडे तर वीजच जायची. साध्या ड्राइव्हवर अशाने एखादी फाइल बिघडायची, दाबलेल्या ड्राइव्हवर नुकसान पसरायचं. नोव्हेंबर १९९३ च्या एमएस-डॉस ६.२ मध्ये त्यांना स्कॅनडिस्क आणि जास्तीच्या तपासण्या घालाव्या लागल्या.

इथे हरिपूरची आठवण येते. सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळद ठेवायची जमिनीतली पेवं होती. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही, वर जागा अडायची नाही. पण पेव म्हणजे कपाट नव्हे. एकदा उघडलं की सगळा माल बाहेर काढायचा. २००५ च्या पुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं आणि ज्याच्या पेवात शिरलं त्याचं अख्खं पेव गेलं, वरची चार पोती नव्हे. साठवण जितकी घट्ट, तितकं नुकसान एकगठ्ठा. दादाच्या खोलीतही तेच झालं होतं.

आजचा चौकोन

ज्युनिअरला दिसलेला चौकोन १९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासूनचा आहे. डबलस्पेसच्या मानाने तो खूप शहाणा आहे, हे मान्य करायलाच हवं. तो अख्ख्या ड्राइव्हची एक फाइल करत नाही. प्रत्येक फाइलचे ६४ केबीचे तुकडे करून एकेक तुकडा वेगळा दाबतो. त्यामुळे एक सेक्टर गेला तर फार तर एक तुकडा जातो, पुढचं सगळं नाही. म्हणजे ज्युनिअरवर मी ओरडले ते थोडं अन्यायाचंच होतं. दादाने केलं ते वेगळं आणि ती करणार होती ते वेगळं. संध्याकाळी चहाच्या वेळी तिला तसं सांगितलं.

तरीही सगळीकडे टिक करू नये, याची कारणं वेगळी आहेत.

एक म्हणजे वेळ. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कॉम्प्रेशनने वाचन कधी कधी वेगवान होतं, कारण डिस्क हळू आणि प्रोसेसर जलद. कमी बाइट वाचायचे आणि झटकन उलगडायचे. वेगवान एसएसडीवर हा फायदा जवळजवळ उरत नाही. आणि जी फाइल सतत बदलते, म्हणजे सिम्युलेशनचं आउटपुट, डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, तिथे मधली एक ओळ बदलली तरी तो तुकडा उलगडून, बदलून, परत दाबून लिहावा लागतो. नवा तुकडा जुन्या जागेत मावला नाही तर दुसरीकडे जातो, फाइल विखुरते. दर पाच मिनिटांनी रीडिंग लिहिणाऱ्या मशिनच्या फोल्डरवर हे लावणं म्हणजे स्वतःहून त्रास ओढवून घेणं.

दुसरं, काही फाइली दाबल्याच जात नाहीत. जेपीईजी फोटो, एमपी४ व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. वर्डची डॉक्स फाइल तर स्वतःच झिप आहे. विश्वास नसेल तर एका कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. 'कोणतीही फाइल लहान करून दाखवतो' असं म्हणणारं सॉफ्टवेअर असूच शकत नाही, आणि याची सिद्धता दोन ओळींची आहे: एन बिटच्या फाइली २ चा एन वा घात इतक्या, त्याहून लहान फाइली एकूण त्यापेक्षा एकने कमी. सगळ्यांना लहान घर द्यायचं म्हटलं तर दोघांना एकाच घरात राहावं लागेल, आणि परत येताना कोण कोणता ते कळणार नाही. गोंगाटाचंही तसंच. खोडद-नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणीला आकाशातून येतो त्यातला मोठा भाग गोंगाट असतो, आणि गोंगाटात पुढचं ओळखता येत नाही म्हणून तो दाबता येत नाही. शॅननची मर्यादा. आपल्या एसईएमच्या प्रतिमांचे दाणेदार भागही याच कारणाने हट्टी असतात.

तिसरं अगदी घरगुती. विंडोजवर दाबलेलं फोल्डर साध्या पेन ड्राइव्हवर कॉपी केलं की मूळ आकारात उतरतं. प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' असे दोन आकडे दिसतात ते यासाठी. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री हे कळणं चांगलं नाही, अनुभवाने सांगते.

आणि फायदा कुठे नक्की होतो? टेक्स्टमध्ये, त्यातही मराठी टेक्स्टमध्ये. 'सांगली' या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत. पुण्यात सी-डॅकच्या जिस्टने ज्याचा प्रसार केला त्या इस्की कोडमध्ये ती सहा बाइटमध्ये बसत. आजच्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे 'सांगली'ला अठरा. इंग्रजीत 'सांगली' लिहिली तर सहा. पण त्या तिनांतला पहिला बाइट देवनागरीत कायम तोच आणि दुसरा दोनपैकी एक असतो. म्हणजे ओळखता येण्यासारखा, म्हणजे दाबता येण्यासारखा. मराठी कॉर्पसवर काम करणाऱ्यांनी मुलाखती, बातम्या जरूर दाबून ठेवाव्यात, इंग्रजीपेक्षा जास्त पटीने जागा सुटेल. ही तिप्पट जागेची वसुली आपल्याकडूनच होत होती, ती कॉम्प्रेशन परत मिळवून देतं.

आकडे बदलणारं मशिन

लॉसीबद्दल थोडं, कारण रिसर्चमध्ये सर्वांत वाईट चुका इथे होतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं की झेरॉक्सच्या काही मशिनवर बांधकामाचा नकाशा स्कॅन केला की वेगवेगळ्या आकाराच्या तीन खोल्यांचं क्षेत्रफळ एकच छापून येतंय, १४.१३ चौरस मीटर. काही कागदांवर ६ चा ८ होत होता. कारण जेबिग२ नावाची पद्धत. ती पानावरची एकसारखी दिसणारी अक्षरं शोधते, त्यातलं एकच साठवते आणि बाकी ठिकाणी तेच चिकटवते. मशिनला ६ आणि ८ पुरेसे सारखे वाटले. अक्षर पुसट आलं असतं तर माणूस सावध झाला असता. इथे चुकीचा आकडा स्वच्छ, ठसठशीत छापला जात होता. मोडी वाचणाऱ्याला निदान माहीत असतं की वेलांटीवर भरवसा ठेवायचा नाही.

म्हणून कच्च्या डेटाला लॉसी काहीही लावू नका. एसईएमची प्रतिमा टिफमध्येच ठेवा. १२८० बाय ९६० ची करडी प्रतिमा म्हणजे जेमतेम १.२ एमबी. तिचं जेपीईजी करून कणांचा आकार मोजला आणि परीक्षकाने मूळ फाइल मागितली तर काय दाखवाल? फोनवरच्या मेसेजिंग ॲपने फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा तर मोजमापासाठी धरूच नका.

उलट्या बाजूचं गणित

शॅननच्या त्या १९४८ च्या पेपरात दोन भाग आहेत आणि आपण बहुतेक वेळा एकच वाचतो. पहिला, नको असलेलं जास्तीचं काढून टाका. दुसरा, मग हवं असलेलं जास्तीचं हिशोबाने परत घाला, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर दुरुस्त करता येईल. हफमन पहिल्या बाजूला झटत असतानाच रिचर्ड हॅमिंग दुसऱ्या बाजूला होते. शनिवार-रविवारी मशिनवर लावलेलं त्यांचं काम एका चुकीने अर्ध्यात थांबायचं, त्या वैतागातून १९५० मध्ये चूक सुधारणारे कोड आले. या शास्त्रात आपली माणसंही आहेत. राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्या नावाचे बीसीएच कोड पुढे फ्लॅश मेमरीतल्या चुका सुधारायला वापरले गेले. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र श्रीखंडे यांनीही बोस यांच्याबरोबर १९५९ मध्ये कोडच्या रचनेवर पेपर लिहिला. त्याच वर्षी या दोघांनी आणि पार्कर यांनी ऑयलरचं जवळपास पावणेदोनशे वर्षं जुनं अनुमान खोटं ठरवलं, त्याच्या गाजावाजात हा पेपर मागे पडला.

दादाने शॅननचा पहिला अर्धा भाग वापरला आणि दुसरा सोडला. जास्तीचं काढलं, पण परत काही घातलं नाही. दुसरी कॉपी होती, एका पेन ड्राइव्हवर, त्याच टेबलाच्या खणात.

मी आता असं करते. चालू काम साधं, उघडं. एका सॅम्पलचं सगळं मोजमाप पूर्ण झालं की त्या एका सॅम्पलची एक झिप, सगळ्या वर्षाची एक नाही. प्रत्येक झिपचा चेकसम एका टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणजे पुढे कधीही फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासता येतं. महत्त्वाच्या गठ्ठ्यांना पार२ च्या दुरुस्तीच्या फाइली. त्या मूळच्या दहा टक्के जागा खातात, पण तेवढ्या नुकसानीपर्यंत सगळं परत मिळतं. एक कॉपी घरी, एक लॅबमध्ये, एक क्लाउडवर. क्लाउड नसेल तर एक डिस्क आत्याकडे साताऱ्याला, हा पर्यायही मी दोन वर्षं चालवलाय. आणि झिप नीट उघडते हे बघितल्याशिवाय मूळ फाइल डिलीट नाही.

दादाने जवळपास निम्मी सॅम्पल पुन्हा बनवली, त्यात वर्ष गेलं. काही पुन्हा बनवता आली नाहीत, कारण तो लॉट संपला होता. त्याच्या थिसिसच्या चौथ्या प्रकरणात एक ग्राफ आहे, ४१ अंशांपाशी तुटतो आणि ४७ ला परत सुरू होतो. खाली एका ओळीत कारण लिहिलंय. व्हायव्हामध्ये परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं, दादाने पूर सांगितला, आणि ते म्हणाले, पुढे चला.

ज्युनिअरच्या ड्राइव्हवर आम्ही संध्याकाळी बसलो. २१० जीबीपैकी ७० जीबी लेक्चरचे व्हिडिओ होते, ४० जीबी जुने सेटअप आणि एक अख्खी वेबसीरिज. रॉ डेटा सगळा मिळून दोन जीबीसुद्धा नव्हता.